पांढऱ्यातलं पांढरं पाहणारा कॅमेरा

लग्नाचे फोटो लोक अल्बम करून घेऊन जातात, आमच्याकडे उरतात किस्से. हार्ड डिस्क भरली की शैलू जुन्या फाइली उडवून टाकते, पण किस्से उडवायचं बटण अजून कोणी काढलेलं नाही! त्यातले निम्मे माझ्या कॅमेऱ्याचे आहेत. आणि तो कॅमेरा राहणार की जाणार, यावरच आमच्यात भांडण झालं, म्हणून सांगते.

धरमपेठेतल्या एका गल्लीत आमचा स्टुडिओ. माणसं तीन. प्रकाश नव्या कॅमेऱ्यानं फोटो काढतो, त्याची बायको शैलू ते कॉम्प्युटरवर नीट करते, आणि मी सत्तरी ओलांडूनही माझ्या जुन्या डिजिटल एसएलआरनं काढते. हे मॉडेल फार थोड्यांनी घेतलं होतं, आता तर बनतही नाही. मी सातवी शिकलेली. डिक्शनरी मांडीवर घेऊन त्याचं इंग्रजी पुस्तक वाचलं, कुठल्या सराच्या दारात गेले नाही.

याची खासियत एकच. सेन्सरवर प्रत्येक ठिकाणी दोन डोळे आहेत. मोठा डोळा सावली पाहतो, छोटा डोळा कडक ऊन. दोघांचं मिळून जे चित्र होतं, त्यात पांढऱ्या कपड्याची चुणी न् चुणी शाबूत राहते. आमची बहुतेक गिऱ्हाइकं बौद्ध, मीही तीच. नवरा-नवरी दोघंही पांढऱ्यात, आणि वर नागपूरचं ऊन. आता समजलं मी काहून हा धरून बसले?

पण शटर खरखरायला लागलं. दुरुस्तीवाल्यानं हात वर केले, पार्ट मिळत नाहीत म्हणाला. प्रकाश म्हणाला, "मावशी, आता याले कपाटात ठेवा. तुम्ही फक्त मार्गदर्शन करा."

मार्गदर्शन म्हणजे खुर्चीत बसून चहा पिणं! मी म्हटलं, "हा कपाटात गेला का मी घरी. लाव पैज!"

ठरलं असं: पुढच्या लग्नात दोघांनीही काढायचे. घरचे ज्याचा फोटो भिंतीवर लावतील, तो जिंकला. त्या लग्नाचं शेवटी सांगते. आधी याचे गुण आणि खोड्या ऐकून घ्या. मी माझ्या बाजूची असले तरी न्यायानं सांगेन.

*

प्रकाश नवीन होता तेव्हाची गोष्ट. कुहीला भर दुपारी उघड्या मैदानात लग्न. मी तापानं पडलेली, म्हणून तो एकटाच गेला. अल्बम पोचला आणि नवऱ्याच्या आईचा मला फोन.

"बाई, फोटो झकास हायेत. फक्त एक सांगा."

"विचारा ना."

"यात माहा पोरगा कुठं संपते अन् सून कुठून सुरू होते?"

तेव्हापासून उन्हातली लग्नं माझ्याकडे!

*

आता खोड. दोन डोळ्यांनी पाहिलेलं एकत्र करून कार्डावर लिहायला याला वेळ लागतो. लागोपाठ चार-पाच फोटो काढले की मागचा दिवा लुकलुकायला लागतो. मग बटण दाबा नाहीतर दगड दाबा, सारखंच. आणि आमच्यात लग्न काही लांबत नाही. वंदना, प्रतिज्ञा, हार, फुलं, झालं!

भिवापूरला नवऱ्यानं हार उचलला आणि नेमका दिवा लुकलुकला. मी ओरडले, "थांब गा! हार तसाच धर!"

नवरा हात वर करून उभा, नवरी मान वाकवून उभी. लग्न लावणारे बौद्धाचार्य माझ्याकडे पाहत राहिले. मागून नवऱ्याचा मामा ओरडला, "काय होऊन राहिलं तिकडं?"

"कॅमेरा लिहून राहिला!"

"आता काय लिहून राहिला? पत्रिका?"

सगळा मांडव हसला. नवरी तर अशी हसली, की तो फोटो जन्मभर पुरला असता.

नाही ना मिळाला! दिवा अजून लुकलुकतच होता.

*

एका हॉलमध्ये दुसऱ्या पार्टीचा फोटोग्राफर भेटला. गळ्यात हाताएवढी लेन्स. माझ्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाला, "आँटी, कितने मेगापिक्सल?"

मी म्हटलं, "कंपनी दोन्ही डोळे मोजून बारा म्हणते, बाकीचे सहाच म्हणतात."

"मतलब, असल में कितने?"

"वरातीचं कसं असते बाबा? मुलाकडचे म्हणतात पन्नासच आणले, मुलीकडचे म्हणतात शंभर जेवले. आपण जेवण पुरलं का ते पाह्यचं!"

*

तरी जेवण कधीकधी कमी पडतं, हे कबूल. एका नवरदेवाच्या मित्रांनी चौकात फ्लेक्स लावला, बसएवढा मोठा. फोटो माझा. एक मित्र तणतणत स्टुडिओत आला. "मावशी, नवरदेवाच्या नाकात चौकोन चौकोन दिसून राहिले!"

मी त्याच्यासोबत चौकात गेले. हा गडी फ्लेक्सला नाक टेकवून दाखवायला लागला.

म्हटलं, "रस्त्याच्या पलीकडं जाऊन पाह्य."

तो गेला. तिकडून ओरडला, "हो मावशी, इकडून बरा दिसते!"

"मग तिकडंच राह्य!"

*

बॅटरीचा काटा खोटारडा आहे. पूर्ण भरलेली दाखवतो आणि पुढच्या मिनिटाला कॅमेरा मरतो. एका लग्नात गल्लीतले नेते वधूवरांना आशीर्वाद द्यायला आले आणि काट्यानं दगा दिला. जास्तीच्या बॅटऱ्या गाडीत राहिलेल्या. नेत्यांना 'थांबा' कोण म्हणणार? मी डोळ्याला कॅमेरा लावून मेलेलं बटण दाबत राहिले. "वा साहेब! आणखी एक! थोडं इकडं!"

साहेब खूश होऊन गेले. मग रोज त्यांचा माणूस फोटो मागायला. शेवटी मी म्हटलं, "कसे देऊ? साहेबांचे डोळे मिटले आहेत."

"सगळ्या फोटोत?"

"सगळ्या."

तो म्हणाला, "हो, सभेतही तसंच होते त्याइचं."

*

आणि रिसेप्शनच्या जांभळ्या-हिरव्या लाइटात माझा कॅमेरा काहीच कामाचा नाही. नवरी वांग्यासारखी दिसते. तिथं प्रकाश फोटो काढतो आणि मी आलूबोंडे खाते. झाला न्याय?

*

आता पैजेचं लग्न.

नवरीचं नाव प्रणाली. तिच्या आजीनं छप्पन साली दीक्षेला नेसलेलं पांढरं लुगडं अजून जपून ठेवलं होतं. प्रणालीनं त्याचीच ओढणी करून नव्या पांढऱ्या साडीवर घेतली. आम्हा दोघांना आधीच बजावलं, "काही करा, पण आजीचं लुगडं साडीत हरवलं नाही पाह्यजे."

लग्न दुपारी, विहारासमोरच्या मैदानात. आम्ही दोघांनी शेजारी उभं राहून फोटो काढले. त्यातला एकेक निवडून, मोठा करून आठवड्यानं प्रणालीच्या माहेरी नेला. प्रकाशनं खिळे, हातोडी, दोन फ्रेमा, काचा, सगळं सोबत घेतलं होतं. कोणाचा फोटो कोणता, हे घरच्यांना सांगायचं नाही असं ठरलेलं.

प्रकाशच्या फोटोत प्रणाली खळखळून हसताना सापडली होती. माझ्यापर्यंत ते हसू ओठ मिटता मिटता पोचलं होतं. पण माझ्या फोटोत दोन पांढरे होते. साडी निळसर, ओढणी ताकासारखी. आणि खांद्यावर ओढणीचा रफू, टाका न् टाका.

सोबत आलेली शैलू माझ्या कानाशी लागली. "मावशी, स्टुडिओत सांगत होती ना मी? रफू पुसून देते म्हणून."

"पुसून पाह्य. मग सांगते."

प्रणालीच्या आईनं माझा फोटो हातात घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "अगं माय, हे शिवलेलं दिसून राहिलं! पाहुणे काय म्हणतीन? नवरीले फाटकं घातलं? हा नको. हा हसतेवाला द्या."

प्रणालीचे वडीलही म्हणाले, "हसतेवालाच."

प्रकाश भिंतीकडे पाहत होता, माझ्याकडे नाही. प्रणाली म्हणाली, "आजीले दाखवा ना एकदा."

आजी खिडकीजवळ खाटेवर बसली होती; लग्नाला तिला येता आलं नव्हतं. तिनं आधी प्रकाशचा फोटो उजेडात धरला. "पोरगी गोड हसून राहिली. पण हे वरून काय घेतलं वं इनं? कोणाचं होय?"

"आजी, तुह्यंच लुगडं."

"माह्यं?"

ती पुन्हा पाहत राहिली. मग प्रणालीनं तिच्या हातात माझा फोटो दिला. आजीनं खांद्यावरच्या रफूवर बोट ठेवलं आणि हळूहळू वरून खाली नेलं.

"दीक्षेच्या गर्दीत फाटलं होतं. बाजूच्या बाईनं तिथंच बसून शिवून देल्लं. तिचं नाव विचाराचं राहून गेलं माह्यं."

मग प्रणालीच्या आईनंच विचारलं, "मग सासूबाई, हा लावू का भिंतीवर?"

"नाही वं. भिंतीवर हसतेवाला लाव. येणारे-जाणारे पाहतीन. हा मले दे."

वडिलांनी खिळा ठोकला. प्रकाशचा फोटो भिंतीवर गेला. ठरलं ते ठरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "प्रकाश, जिंकला गा तू."

तो दुसरी फ्रेम काढून आजीनं मागितलेला फोटो त्यात बसवायला लागला. काच पुसली, वर ठेवणार तेवढ्यात आजीनं त्याचा हात धरला.

"काच नको लावू बाबा."

"धूळ बसन ना आजी."

"बसू दे. बोट फिरवाचं असते मले."

प्रकाश हातात काच घेऊन तसाच बसला. मग ती पुन्हा कागदात गुंडाळली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "मावशी, रविवारचं लग्न दुपारचं हाय, मैदानात. नवरीजवळ तुम्ही उभ्या राहजा. मी मागं राहून काढतो."