नवरीच्या गाडीला पोचा नको म्हणून

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. दुपारपासून गॅरेजातच होतो.

रविवारी तुंगार्लीच्या तलावाजवळ एका पर्यटकाने माझ्या उभ्या टॅक्सीला मागून ठोकलं. पाया पडून चूक कबूल केली, नंबर दिला. तोंडावर नातीचं लग्न होतं. पोचा पडलेल्या गाडीतून नवरी कशी पाठवायची? म्हणून विम्याच्या माणसाची वाट न बघता मी पत्रा सरळ करून रंग मारून घेतला.

आज तो विम्याचा माणूस वडगावच्या गॅरेजात आला. गाडीवर झेंडूची माळ तशीच होती. हसून म्हणाला, "आबा, नुकसान दाखवायला बोलावलंत की गाडीची पूजा करायला?"

मेकॅनिक म्हणाला, "साहेब, आतली चासी वाकलीय. लग्नाहून आल्यापासून हितंच उभी हाय."

"मग वरातीत नाचताना वाकली असेल," म्हणत तो निघून गेला.

पर्यटकाला फोन लावला. "कोण आजोबा? तुमच्या स्टेटसला वरातीचा फोटो आहे की. गाडी चकाचक!"

टॅक्सी बंद म्हणजे माझी चूल बंद.

त्या रविवारी मी रस्त्यात रडत होतो, तेव्हा काही जण हसत व्हिडिओ काढत होते. तुमच्यापैकी कोणी असेल, तर तो लवकर पाठवा. मी रडताना दिसलो तरी चालेल, फक्त गाडीची मागची बाजू दिसू द्या.