सरांचा पासवर्ड

सांगलीत माझी खाणावळ आहे. विद्यापीठाची पोरंपोरी दोन्ही वेळ माझ्याकडं जेवायला. त्यातली एक कडेगावची. हळदीच्या गड्ड्याला जमिनीतच कूज लागते ना, ती न लागणारं वाण शोधायची. हळदीच्या सऱ्यांत वाकून वाकून पोरीची पाठ गेली. पण बोलायला लय गोड. "आवं आजी, हे वाण निघालं की पहिलं बेणं आमच्या आबांच्या रानात," म्हणायची.

आता एक गोष्ट सांगते, ती बाहेरच्या माणसाला खरी वाटायची नाही. या पीएचडीच्या पोरांना आपापल्या सरांची सगळी कामं करावी लागतात. सरांचे मेल वाचायचे, उत्तरं धाडायची, वरच्या साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा पोरांनीच द्यायच्या. म्हणून सरांचा पासवर्ड पोरांकडं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. उलट ज्याच्याकडं पासवर्ड, तो सरांचा लाडका!

एका दुपारी ती जेवत होती. हात आमटीत, म्हणून फोन स्पीकरवर. सर म्हणाले, "अगं, परदेशातनं परिषदेचं बोलावणं आलंय, पाहिलंस का? माझा पासवर्ड टाकून अर्ज भरून टाक."

"सर, पासवर्ड मागतंय त्या पानाचा पत्ता जरा येगळा दिसतोय. आपल्या विद्यापीठाचा वाटंना."

"मला शिकवतेस? उसाच्या फडातनं आलीस तू! विमानाचं तिकीट गेलं ना, तर तुझा प्रबंधही गेला म्हणून समज."

तिनं डाव्या हाताच्या बोटानं पासवर्ड भरला. मी भात वाढत होते.

बोलावणं खोटं होतं. सरांच्या मेलच्या खात्यात पोरीचं सगळं काम ठेवलेलं, ते उचललं गेलं. संगणक विभागातला एकजण नंतर माझ्याकडं जेवताना म्हणाला, "आजी, हे भुरटे चोर नव्हेत. दुसऱ्यांचं संशोधन पळवायला पगारी माणसं बसवलेली असतात." आणि त्यानं ताक मागितलं.

काही महिन्यांनी तेच आकडे, तेच निष्कर्ष परदेशी मासिकात आले, कुणा भलत्याच्याच नावानं. मग हिनं प्रबंध दिला. नक्कल पकडणाऱ्या यंत्रानं सांगितलं, हे सगळं त्या मासिकातनं उचललंय! स्वतःच्याच कामाची चोर ठरली बघा पोरगी.

चौकशी समिती बसली. पोरीनं पासवर्डाचं सगळं सांगितलं. सर म्हणाले, "पासवर्ड मी दिलाच नव्हता. तिनं चोरला." पोरगी रडत म्हणाली, "आमच्या आजींनी ऐकलंय." मला बोलावलं. इस्त्रीचं लुगडं नेसून गेले, ऐकलेला शब्द न् शब्द सांगितला.

एकजण हसला. "खाणावळवाल्या बाईची साक्ष घ्यायची आता?" मग सगळेच हसले. सर माझ्याकडं बघून म्हणाले, "आजी, आमटी मात्र तुमच्यासारखी कुणाला जमत नाही."

मी उठले, रात्रीची आमटी टाकायला खाणावळीत परत आले.

विद्यापीठातनं पोरीचं नाव काढून टाकलं. आता ती लोणंदला कांद्याची पावडर करणाऱ्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवते. आबांना सांगितलंय, शिक्षण संपलं. एकदा फोन केला तर म्हणाली, "आजी, हळदीचं नाव काढू नगा."

परवा सरांची नवी विद्यार्थिनी आली. साताऱ्याची, हुशार, हसरी. पहिल्याच दिवशी फोन दाखवत म्हणाली, "आजी, सरांनी मला पासवर्ड दिला! एवढ्यांत फक्त मला!"

मी पळी खाली ठेवली. शेजारी बसून तिला सगळं सांगितलं, कडेगावच्या पोरीचं, त्या दुपारचं, समितीचं.

तिनं नीट ऐकून घेतलं. पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "ती होय? सरांनी सांगितलंय मला. चोर होती ती. तुम्हालाही फसवलं का हो तिनं, आजी?"

आणि आमटीची वाटी पुढं केली.