तेरा नंबरची फाईल

काकू आमच्या संस्थेत आल्या त्या तक्रार घेऊन, आणि मग इथल्याच झाल्या. त्याआधी त्या शिलाईच्या कारखान्यात काजं-बटणं करायच्या. तिथल्या मुकादमाविरुद्ध त्यांनी कामगार कचेरीत अर्ज दिला. सकाळी दिलेला अर्ज संध्याकाळी मुकादमाच्या हातात होता. दुसऱ्या दिवशी काकूंना फाटकातूनच परत पाठवलं.

पुढे घरकाम करणाऱ्या बायकांच्या तक्रारी लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. फाईलवर नाव नाही, नुसता नंबर. कपाटाची किल्ली कमरेला. समोर बसलेल्या बाईला पहिलं वाक्य ठरलेलं, "तुला विचारल्याशिवाय हा कागद कुणाला दाखवणार नाही." देवासमोर बोलावं तसं बोलायच्या.

संस्था चालायची एका मोठ्या निधीच्या अनुदानावर. खोलीचं भाडं, कोर्टाचा खर्च, काकूंचा पगार आणि पत्रं टाईप करायचा माझा पगार, सगळं त्यातूनच. मुदत संपत आली तेव्हा निधीकडून एक तपासणीस बाई आल्या. पुढचं अनुदान त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. वयाने लहान, बोलायला गोड. म्हणाल्या, "कुठल्याही पाच फाईली मी निवडते, वाचते, की झालं."

"विचारून येते," काकू म्हणाल्या.

"कुणाला?"

"ज्यांच्या आहेत त्यांना."

तपासणीस बाईंनी आमच्या अध्यक्ष वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी छताकडे. शेवटी तपासणीस बाईंनी पाच नंबर निवडून दिले आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत वेळ मिळाला.

काकू आणि मी चालत निघालो. चौघी लगेच हो म्हणाल्या. एक तर म्हणाली, "दाखवा की! वर मालकिणीचा फोटोपण चिकटवा." राहिली तेरा नंबर. तिला आधीच्या घरी तीन दिवस कोंडून ठेवलं होतं. आता ती दुसरीकडे स्वयंपाकाला होती. मागच्या जिन्यावर आली, हाताला पीठ तसंच.

"नको काकू. त्यात माझ्या भावाचं आहे."

"बरं. नको तर नको."

"रागावलात?"

"छे गं! जा, दूध उतू जाईल."

जिना उतरताना मला राहवलं नाही. "काकू, अनुदानाचं सांगायचं तरी! आपलं सगळं त्यावर आहे."

"सांगितलं असतं तर ती हो म्हणाली असती."

"मग बरंच की!"

"ते विचारणं झालं असतं का गं? गळ्यावर पाय ठेवायचा आणि वर परवानगी मागायची."

पाचपैकी चार फाईली तपासणीस बाईंपुढे ठेवल्या. त्यांच्या नियमात पाच म्हणजे पाच, बदली फाईल चालत नव्हती. त्या गेल्यावर वकीलबाई कडाडल्या, "एकीसाठी दोनशे बायकांना वाऱ्यावर सोडायचं?"

"आणि उद्या जी येईल तिला काय सांगू? लिहिते, पण पाहुणे आले तर दाखवावं लागेल, असं?"

वकीलबाई पर्स उचलून निघून गेल्या. मी त्या दिवशी देवाकडे मनापासून अनुदान मागितलं. दोन महिन्यांनी पत्र आलं, पडताळणी अपूर्ण राहिल्याने नूतनीकरण नाही.

खोली सोडली. कपाट वकीलबाईंच्या घरी, पुढच्या खोलीत गेलं. काकू पगाराशिवाय तिथे येऊन बसू लागल्या. वकीलबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलायच्या. मी एका दुकानात नोकरी धरली, मनात काकूंवर राग धरूनच. एकदा बाजारात तेरा नंबर भेटली आणि माझ्या तोंडून सगळं निघून गेलं. वाईट केलं मी. अजून देवापुढे ते कबूल करते.

त्याच रविवारी ती वकीलबाईंकडे आली. मीही होते.

"मला सांगितलं का नाही, काकू? दाखवा आता ती फाईल. मी हो म्हणते."

"अनुदानासाठी पुन्हा अर्ज करता येईल!" आतून वकीलबाईंचा आवाज आला.

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. कपाट उघडून फाईल काढली आणि तिच्यापुढे ठेवली. "आधी ऐक. मग सांग."

तिला वाचता येत नव्हतं. काकू संथ आवाजात वाचत गेल्या. कोंडलेली खोली, बाहेरून लावलेली कडी, पाणी मागितल्यावर मिळालेलं उत्तर. मग भाऊ. बहीण आत आहे हे माहीत असून त्याने मालकाकडून तिचा पगार घेतला होता आणि खालच्या खाली परत गेला होता.

तिने पदर तोंडाला लावला. वकीलबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तो आता माझ्याकडेच असतो," ती म्हणाली. "आजारी आहे. हे कुणी वाचायला नको."

काकूंनी वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि काकूंच्या हातात दिलं.

"लिहा," त्या म्हणाल्या. "परवानगी नाही. आणि तारीख टाका."