जास्वंदीवरचं औषध

अप्पा रोज पहाटे जास्वंदीचं एक फूल तोडून खातात. रक्तदाबाला बरं, असं त्यांचं मत. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, त्यामुळे मला सबब सांगायला जागा नाही.

गेल्या वर्षी आमच्या तंजावरच्या घरामागच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. कळ्या उमलण्याआधीच गळायला लागल्या. अप्पा साबणाच्या पाण्यानं एकेक पान पुसत बसत आणि मी बघून बघून चिडत असे. ते एका लग्नाला पापनाशमला गेले, तशी मी दुकानातून जालीम औषध आणलं आणि झाडाला अंघोळच घातली. आठ दिवस फुलं तोडू नका, असं दुकानदारानं बजावलं होतं. रोज अप्पांच्या आधी उठून फुलं काढून टाकू, त्यांना कळणारही नाही, असा माझा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा मागचं दार उघडं होतं. रात्री उशिरा लग्नाहून परतलेले अप्पा झाडाजवळ उभे होते, हातात नुसता देठ.

"अप्पा, थुका. काल मीं मरुंदु मारलें झाडावर."

ते गिळून मोकळे झाले होते. त्यांनी चूळ भरली आणि औषधाची बाटली बरोबर घ्यायला सांगितली. रिक्षात मी त्यांच्याकडेच बघत होते. घाम फुटलाय की नेहमीचाच उकाडा? हात थरथरतोय की रिक्षा हादरतेय?

डॉक्टरांनी बाटली वाचली आणि हे कुणी मारलं, म्हणून विचारलं. मी तोंड उघडणार तोच अप्पा म्हणाले, "मीच."

मग डॉक्टरांनी त्यांना फैलावर घेतलं. एवढं वय झालं, बाटलीवरचं वाचता येत नाही का? अप्पांची सगळी नोकरी शेतीखात्यातली. ओरत्तनाडुकडच्या गावागावांत सायकलनं फिरून, औषध मारल्यावर किती दिवस थांबायचं, हेच त्यांनी शेतकऱ्यांना शिकवलं. आता ते मान खाली घालून ऐकत होते. मला बोलायला भरपूर वेळ होता. मी बोलले नाही. लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

संध्याकाळपर्यंत बसवून ठेवून त्यांना घरी सोडलं. काही झालं नव्हतं. असं का सांगितलंत, म्हणून मी विचारलं.

"तूं फार घाबरलेलीस."

पानं आता मी पुसते. डॉक्टर बाजारात भेटले की अजून अप्पांना दटावतात, पुन्हा औषध मारलं नाहीत ना? अप्पा हसून नाही म्हणतात. मी शेजारी भाजीची पिशवी धरून उभी असते.