मारोतरावांची पेनल्टी आणि लग्नाचा कॅमेरा

खापरखेड्याच्या कॉलनीत महिनाभर एकच कुजबुज होती: मारोतरावांनी फुटबॉलच्या फायनलची पेनल्टी एका साडीवर विकली. साडी जांभळी, गांधीबागेच्या दुकानातली, आणि ती पेनल्टी मारून जिंकला तोही गांधीबागचाच संघ. त्यात मारोतरावांच्या प्रेमलताबाई दुसऱ्याच दिवशी ती साडी नेसून दळण आणायला गेल्या. पिठाच्या चक्कीवर नवी साडी नेसून जाणारी बाई काहीतरी दाखवायलाच जाते, असं बायकांचं मत पडलं. पुरुषांचंही तेच पडलं, फक्त ते पानटपरीवर पडलं.

मारोतराव वीज केंद्रातून निवृत्त झालेले. घरात त्यांचं कुणी ऐकत नसे. मैदानावर मात्र पंच म्हणून त्यांची शिट्टी वाजली की दोन्ही संघांचे धटिंगण जागच्या जागी थिजत. ही सोय त्यांना पेन्शनीपेक्षा प्रिय होती. शिट्टी दातांत धरूनच ते पळत. बाहेर काढत ती चहापुरती.

यंदा मात्र स्पर्धेचे अध्यक्ष धोंडबा यांनी टीव्हीवर विश्वचषक पाहिला आणि त्यांच्या डोक्यात व्हिडिओ शिरला. पेनल्टी आणि ऑफसाइड आता पडद्यावर तपासायचे, असं ठरलं. त्यासाठी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या अंकितला बोलावलं. तो रिसेप्शनचा मोठा पडदाही घेऊन आला.

"व्हिडिओत तुमी चुकले निघाले, तं शिट्टी ठेवून द्या लागन, मारोतराव," धोंडबा म्हणाले.

"मी इतके वर्सं डोळ्यानं पाहून राहिलो, ते काय झालं मंग?"

"डोळे घरून भांडून येते गा. मशीन नाही येत."

फायनलच्या पहिल्या हाफमध्येच रोशनने गोल केला. रोशन म्हणजे कॉलनीच्या संघाचा कप्तान. केसांना जेल लावून डोक्यावर उभा तुरा काढलेला. मारोतरावांनी गोल दिला, गांधीबागवाल्यांनी हरकत घेतली. अंकितने चित्र थांबवलं. पडद्यावर रोशन हवेत लटकला आणि त्याच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या पडू लागल्या, कारण अंकितच्या कॉम्प्युटरला लग्नाखेरीज दुसरं काही येत नव्हतं. धोंडबांनी मैदान आखायची सुतळी पडद्यावर गांधीबागच्या शेवटच्या गड्याच्या रेषेत उभी ताणली. रोशनचे पाय सुतळीच्या अलीकडे, कपाळ अलीकडे, तुरा पलीकडे.

"केसानं गोल होते का जी?" रोशनने विचारलं.

"इतका जेल लावल्यावर होते," धोंडबा म्हणाले.

मारोतरावांना राहवलं नाही. "ऑफसाइड कशासाठी हाये? गोलकीपरच्या उशाशी खाट टाकून बसणाऱ्यासाठी. तुमी तं नवरदेवाचा तुरा मोजून राहिले. जो फरक मैदानातून डोळ्याले दिसत नाही, तो गोल मारणाऱ्याले सोडा. व्हिडिओ ढळढळीत चुकीसाठी ठेवा."

"सुतळी खोटं बोलते का?" धोंडबा म्हणाले, आणि गोल रद्द झाला.

उत्तरार्धात खेळ कॉलनीच्या गोलसमोर आला. मारोतराव धापा टाकत अगदी जवळ पोचले होते. पेनल्टीच्या चौकटीवर ताजी पांढरी फक्की टाकलेली. कॉलनीचा एक गडी त्या रेषेवरून घसरत गेला, फक्कीचा लोट उठला, गांधीबागचा गडी आडवा झाला आणि शिट्टी वाजली. लांबलचक, शेवटी जरा फाटलेली. सगळे थांबले आणि मारोतरावांकडे पाहू लागले. मारोतरावांनीही क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं.

"व्हिडिओ लावा," रोशन ओरडला.

मारोतरावांनी शिट्टी मुठीत घट्ट धरली, जणू ती आत्ताच कुणी काढून नेणार होतं.

आता अंकितच्या हाताला लग्नाची सवय. मंगलाष्टकं संपली की अक्षता कुणीही टिपेल, हा मुलीच्या बापाचे डोळे टिपतो; बिदागी खुशीत मिळते. तेव्हा गडी घसरायला लागताच त्याने कॅमेरा चटकन मारोतरावांच्या तोंडावर नेला होता. पायांत काय झालं, याचं एकही चित्र नव्हतं. पडद्यावर नुसते मारोतराव, भिंतीएवढे, सावकाश. नाकपुड्या फुगल्या. भुवया जवळ आल्या. डोळे मिटले. ओठ शिट्टीभोवती थरथरले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून थेंब ओघळला. मागे सनई आपोआप सुरू झाली.

कुणाच्या तरी आईने पदर डोळ्याला लावला.

"काळीज हाये हे," धोंडबा म्हणाले. "आपल्याच कॉलनीच्या पोरायवर पेनल्टी देतानी माणूस रडून राहिला. पाह्यल्याबिगर असं रडू येते का?"

रोशन जवळ आला. "काका, खरं पाह्यलं तुमी?"

मारोतरावांनी पडद्याकडे हात केला. "दिसून नाही राहिलं का तुले?"

पेनल्टी कायम झाली, गोल झाला, कॉलनी हरली. मारोतरावांची शिट्टी वाचली. कमिटीने तर नवा नियमच केला: ऑफसाइड सुतळीवरून आणि पेनल्टी पंचाच्या चेहऱ्यावरून ठरवायची. पुढच्या हंगामापासून अंकितला आणखी एक कॅमेरा लावायला सांगितला, तोही पंचाच्याच तोंडावर.

आता खरं काय ते. साडी प्रेमलताबाईंना पारशिवनीच्या भावाने भाऊबीजेला दिली होती. आणि मारोतरावांनी ती पेनल्टी पाहिलीच नव्हती. नाकात फक्की गेली, शिंक आली, शिट्टी तोंडात होती.