गालाची उंची

काल नेमबाजीच्या मैदानावर माझी मुलगी केतकी तिच्या बाबांची रायफल स्वतःसाठी लावून घेत होती. लांबच्या नेमाला रायफल अंगाला बसावी लागते. खांद्याला लावायचा दस्ता हाताच्या लांबीचा आणि गाल टेकायची पट्टी मानेच्या उंचीची. केतकी मान ताणत होती. तिचे सर म्हणाले, "तू रायफलकडे जाऊ नकोस. तिला तुझ्याकडे येऊ दे. पट्टी खाली घे."

केतकीने पट्टीच्या स्क्रूला किल्ली लावली आणि मी पुढे झाले.

हे गेल्यावर त्यांचे कपडे आम्ही देऊन टाकले. फोटो आहेत, पण फोटोवरून माणसाचं माप कळत नाही. त्यांची ती उंच मान, नुकती दाढी केलेला गाल नेमका कुठवर यायचा, हे या पट्टीने इतके दिवस सांभाळलं होतं. घरात रोज या रायफलच्या कपाटावरची धूळ पुसणाऱ्या मला त्याचा पत्ताही नव्हता.

"थांब गं, मला एकदा टेकू दे," मी म्हटलं.

गाल टेकला. पट्टी गार होती. रायफलवरच्या दुर्बिणीतून पाहिलं, तर नुसता काळोख.

"आई, ती बाबांच्या उंचीला आहे. तुला नाही दिसायचं."

त्यांना जिथून एवढं लांबचं स्वच्छ दिसायचं, तिथे मी डोळे ताणून पाहत राहिले.

"जुन्या उंचीवर खूण करून ठेवू का?" सरांनी हळूच विचारलं.

मी नको म्हटलं. त्या खुणेला टेकणारा गाल कुठून आणणार होते मी?