मी मारलेला नायक

त्या कादंबरीतला नायक शेवटपर्यंत धडधाकट होता; त्याला मी मारलं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे कृष्णपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत एक काम माझ्याकडे आलं. दुपारी आई आणि शेजारच्या सरूकाकू पापड लाटायला बसल्या, की मी वाचनालयातली कादंबरी मोठ्याने वाचायची. त्या खेपेच्या कादंबरीत विमलला एक मुलगा होता आणि मुलाच्या बापाला, मोहनला, त्याचा पत्ताच नव्हता. सात वर्षांनी तिघं भेटणार होती. सगळं छान होतं, फक्त विमलचं लग्न झालेलं नव्हतं! (आणि हे मला आईसमोर वाचायचं होतं!)

मी घसा खाकरला आणि दोघांचं देवळात लग्न लावून दिलं.

"मग पोरगं लपवलं कशाला?" काकूंचं लाटणं थांबलं.

"सासरची माणसं... वाईट होती."

"आणि हा नवरा? सात वर्षं एक चिठ्ठी नाही? बडा नवाब! येऊ दे, दारातच उभा करते त्याला, देख लेना!"

काकू माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मोहन मीच! मी घाबरले आणि तोंडाला आलं ते बोलून गेले, "तो फौजेत होता, काकू. लढाईत... गेला."

आईच्या लाटण्याखालचा पापड मधोमध फाटला.

माझे बाबा फौजेत होते. संस्थान विलीन होऊन त्याची पलटण देशाच्या फौजेत गेली, तशी त्यांची बदली पार सरहद्दीवर झाली. दिवाळी जाऊन होळी आली तरी ते आले नव्हते. हे मला, घरातल्या एकुलत्या एक विद्वानाला, वाक्य संपल्यावर आठवलं!

त्या संध्याकाळी आमटीत मीठ नव्हतं. आई पोळ्या लाटत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मने, त्या मोहनला जाताना कोणी पाहिलं का गं?"

"नाही ना! कोणीच नाही पाहिलं!"

दुसऱ्या दिवशी मी मोहनला जिवंत केलं. बातमी खोटी, गेलेला दुसराच, हा इस्पितळात!

"काहीही लिहितात मेले!" काकू कडाडल्या. "वहिनी, पुस्तक वापस करा!"

आई मात्र पुढे सरकून बसली. मोहन दारात येतो, ते पान मात्र मी पुस्तकात होतं तसंच वाचलं. विमल त्याला प्रश्नांवर प्रश्न विचारते.

"बरोबर करते!" काकू म्हणाल्या.

"उन्हातून आलाय तो," आई म्हणाली. "आधी पाणी नाही दिलं?"

मग हळूच, "तो दारात येतो ना, तिथून परत वाच."

मी परत वाचलं. आई पुस्तकाकडे नाही, आमच्या दाराकडे बघत होती.

काकू गेल्यावर ती म्हणाली, "देवळातलं लग्न तूच लावलंस. तेव्हा तुझी नजर पुस्तकावर नाही, भिंतीवर होती."

"आणि... ते मरण?"

"ते खरं वाटलं."

बाबा आले ते आंबे पाडाला लागल्यावर, भर दुपारी, खांद्यावर ट्रंक घेऊन. आई तांब्या घेऊन धावली. इतक्या दिवसांनी बाबांना बघून मी बोलायला तोंड उघडलं, तोच ती वळून म्हणाली, "तू गप्प बस! मधेच पदरचं काही घालू नकोस!"